न चमकणारा काळा

रॉचेस्टर, ११ जानेवारी २०१४

रसेल,

व्हिडिओ फोन तू उचलत नाहीस, म्हणून पोस्टानं लिहितेय. अलास्कात केचिकानच्या पोस्टात तुझी पेटी आहे हे मला तुझ्या मावसबहिणीनं सांगितलं. तिच्यावर रागावू नकोस. मी तिचा पिच्छाच पुरवला होता.

घाबरू नकोस, घरात कुणी आजारी नाही. मला रंगाबद्दल विचारायचंय.

तळघरात मी सिनेमाची खोली करतेय. हसू नकोस. बाबांचं सुतारकामाचं बाक नीट उचलून गॅरेजमध्ये ठेवलंय, हत्यारं तेल लावून पेटीत ठेवलीत, काहीही विकलेलं नाही. पण खाली नुसतं रिकामं पडलं होतं आणि आम्हाला जागा हवी होती.

झालं असं, की नाताळात मी, हॅरिएट आणि तुझा स्टॅन्लीकाका थिएटरला गेलो. तिथं आम्हा बहिऱ्यांना सबटायटल वाचायला ते दांडीवरचं यंत्र देतात ना, खुर्चीला अडकवायचं, ते तिघांचंही अर्ध्यात बंद पडलं. गेल्या खेपेलाही पडलं होतं. शेवटी खुनी कोण ते शेजारच्या खुर्चीतल्या मुलीनं पॉपकॉर्नच्या पिशवीवर लिहून दाखवलं. बाहेर आल्यावर पोस्टर वाचलं तर त्या नावाचं सिनेमात कुणी नव्हतंच. हॅरिएट पार्किंगमध्ये हातवारे करून इतकी भांडली, की लोकांना वाटलं हिला गाडी सापडत नाहीये.

मग म्हटलं, आपल्याच घरी का नको? प्रोजेक्टर आणला, पडदा टांगला, दिवा मालवला. आणि चित्र कसं, तर धुऊन धुऊन विटलेल्या शर्टासारखं. काळं कुठे नव्हतंच. रात्रीचा प्रसंग म्हणजे ढगाळ दुपार. तळघराच्या भिंती पांढऱ्या, छत पांढरं. पडद्यावरचा उजेड त्यांच्यावर पडतो आणि परत पडद्यावर येतो. हॅरिएट म्हणाली, तुझ्या भिंती तुझ्यासारख्याच आहेत डोरीन, सांगितलेलं पोटात ठेवत नाहीत.

तेव्हा खोली काळी करायची. पत्राच्या मागे तीन काळे चौकोन चिकटवलेत. खिडकीपाशी तिरपे धरून बघ आणि कुठला चमकत नाही ते कळव. तुझे डोळे लहानपणापासून बारीक आहेत. नुसता आकडा लिहून पाठवलास तरी चालेल.

स्टॅन्लीकाका मदतीला येतो. सोमवारी आणि बुधवारी येतो. शुक्रवारीही येतो.

आई


२ फेब्रुवारी

रसेल,

आकडा आला नाही. म्हणून मी माझ्या मनानं केलं, आणि चुकलं.

दुकानातल्या मुलीला मी कागदावर लिहून दिलं, काळा, न चमकणारा. तिनं खाली लिहिलं, हा घ्या, पुसता येतो. मला वाटलं, पुसता येतो तर बरंच आहे. घरी येऊन डबा उघडला तेव्हा तो कोळशासारखा दिसत होता. पण रंग ओला असताना खोटं बोलतो आणि वाळला की खरं सांगतो. छताला दिला तेव्हा माझी मान अशी आखडली, की हॅरिएटशी बोलायला मला सगळं अंग वळवावं लागायचं.

शनिवारी दुपारी सिनेमा लावला. चित्र आधीपेक्षा बरं होतं, नाही असं नाही. पण दर ओळ दोनदा. एक पडद्यावर खाली आणि तीच उलटी होऊन छतावर. नायिका म्हणते मी तुला सोडून चालले, आणि छतावर तीच पुन्हा डोक्यावर उभी राहून चालली. हॅरिएट विचारते, वरची वाचू की खालची? मला हसू आवरेना.

स्टॅन्लीला मात्र हसू आलं नाही. म्हणजे आधी आलं, मग तो डोळे चोळत बसला. त्याच्या डोळ्यांचं तुला माहीत आहे, तरुणपणापासून अंधारात त्याला काही दिसत नाही. म्हणून तर फिल्मच्या कारखान्यात दोघे मित्र असूनही बाबा अंधाऱ्या खोलीत आणि हा पॅकिंगला. आता कडेचंही जातंय. एखाद्या नळीतून बघावं तसं त्याला दिसतं. जेवढं दिसतं त्यात एका वेळी एकच गोष्ट मावते. डोक्यावर दुसरी काही चमकली की नजर तिकडे ओढली जाते, आणि परत येईपर्यंत खालची ओळ निघून गेलेली असते. तो मला म्हणाला, डोरीन, मला एकच उजेड हवाय, बाकी काही नको.

तेव्हा आता मी हट्टाला पेटलेय. फळीचे तुकडे कापून प्रत्येकावर वेगळा काळा लावला. शाळेच्या फळ्याचा काळा, मुलांच्या चित्रकलेचा काळा, नाटकवाले पडद्यामागे लावतात तो, आणखी दोन-तीन. वाळल्यावर आडवे ठेवले आणि टॉर्च अगदी तिरपा धरून बघितलं. समोरून सगळेच गरीब दिसतात, तिरपं बघितलं की लबाडी कळते. बहुतेकांवर उजेड लांब घसरत गेला, ओल्या रस्त्यावर गाडीचा दिवा जातो तसा. नाटकवाल्यांच्या रंगावर तो पडला आणि तिथेच राहिला. स्टॅन्लीनं हात लावून बघितलं, आहे ना फळी, म्हणून.

त्याचा एक दोष आहे. पुसता येत नाही. बोट लागलं की डाग, नख लागलं की पांढरी रेघ. म्हणजे खोलीत हात लावायचा नाही. हे हॅरिएटला कोण सांगणार?

थंडी फार आहे. सरोवरावरून बर्फ येतोय. काल स्टॅन्लीची पँट धुवायला टाकताना खिशात माझाच ब्रश सापडला, रंगासकट. मशीन अजून काळं पाणी ओकतंय.

आई


२३ फेब्रुवारी

रसेल,

खोली झाली. आधीचा चमकणारा रंग पॉलिश पेपरनं घासून मारावा लागला, नाहीतर वरचा धरत नाही. मग छताला दोन हात, भिंतींना दोन हात, दाराला आतून एक. रोलर एकाच दिशेनं न्यायचा आणि अर्धवट वाळलेल्यावर परत फिरवायचा नाही, हे मी एक भिंत वाया घालवून शिकले. खाली काळी सतरंजी टाकली. पायऱ्या उतरून आत गेलं की भिंत कुठे सुरू होते ते कळत नाही.

शनिवारी सिनेमा लावला. काय सांगू तुला! रात्र म्हणजे रात्र. काळ्या रस्त्यावर एक माणूस काळ्या कोटात उभा होता आणि तो कोटाच्या बटणांसकट दिसत होता. छतावर काही नाही, भिंतींवर काही नाही. स्टॅन्ली पुढे वाकून बसला होता, एकदाही डोळे चोळले नाहीत. मला वाटलं, जिंकलं.

आणि मग अर्ध्या तासानं हॅरिएट उठली.

ती मला काहीतरी सांगत होती म्हणे. बराच वेळ. मी बघत होते पडद्याकडे, आणि बघितलं असतं तरी दिसलं नसतं, हात अंधारात. तिनं माझ्या खांद्यावर थापटलं, मी वळले, तिथं काहीच नव्हतं. ती पडद्यासमोर जाऊन उभी राहिली तेव्हा कुठे तिचे हात दिसले, सिनेमा तिच्या अंगावर चालू होता. ती म्हणाली, "आयुष्यभर लोक आपल्याला मुके म्हणत आले. आपण कधी नव्हतो. आज तू केलंस."

आणि घरी गेली. खायला आणलेला लेमन पाय सुद्धा परत घेऊन गेली. तिच्यासारख्या बाईनं निरोप न घेता जाणं म्हणजे काय ते तुला माहीत आहे. आमच्यात दारात उभं राहून निरोप घ्यायला तासभर लागतो.

मला राग आला होता. इतकी मेहनत केली आणि हिला मध्येच बोलायचंय. सिनेमा बघताना लोक गप्प बसतात. पण मग आठवलं, आपण कधी बसलोय गप्प? टीव्हीसमोर आपले सहा हात सारखे चालू असायचे.

बाबा कारखान्यातून यायचे तेव्हा दारातूनच बोलायला लागायचे, कोटही काढायचे नाहीत. सबंध पाळी अंधारात, कुणाशी एक शब्द नाही. तू जेवणाच्या टेबलाशी बसून वैतागायचास, बाबा आधी जेवा तरी. ते म्हणायचे, आधी हे संपू दे. तशा माणसाच्या घरात मी अंधाराची खोली केली.

दिवा लावला तर चित्र विटतं. मालवला तर हात जातात. एखादी मंद पट्टी खाली लावून बघितली, तिचा उजेड थेट पडद्यावर चढतो. स्टॅन्ली म्हणतो, मध्ये थांबवून बोलू. दर दोन मिनिटांनी थांबवला तर तो सिनेमा ईस्टरला संपेल.

काय करावं सुचत नाही. म्हणून तुला लिहिलं.

आई


१६ मार्च

रसेल,

या पत्रात रंगाचं काही नाही.

मंगळवारी स्टॅन्लीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. दुभाषा पडद्यावर येणार होता, मशीनवरून, हल्ली तसं करतात. तो आला, गुड मॉर्निंग म्हणाला आणि तसाच गोठला. हात हवेत, तोंड उघडं. डॉक्टर भला माणूस आहे, त्यानं दोनदा मशीन बंद करून चालू केलं. मग त्यानं घड्याळाकडे पाहिलं, संगणकावर मोठ्या अक्षरांत टाइप केलं आणि तो पडदा फिरवला.

माझ्याकडे फिरवला. कारण स्टॅन्लीच्या डोळ्यांत औषध घातलेलं होतं आणि त्याला काही वाचता येत नव्हतं.

त्यावर लिहिलं होतं, की उरलेली नजरही जाणार. वर्ष, फार तर दोन. उपाय नाही.

स्टॅन्ली माझ्याकडे तोंड करून बसला होता. डोळे लालभडक, पाणी वाहतंय. त्यानं विचारलं, काय म्हणतो? मी त्याचा हात घेतला, तळहातावर बोटांनी बोलले, म्हणजे त्याला कळावं. मी म्हणाले, काही नाही, तेच नेहमीचं, घरी जाऊन सांगते.

रसेल, मला हे ठरवावंही लागलं नाही. हात आपोआपच म्हणाले.

गाडी चालवताना मी बाहेर बघत होते. त्याला धूसर दिसत होतं तरी तो बोलत होता, वसंतात माशांना जाऊ म्हणत होता, नवीन गळ घ्यायचा म्हणत होता. मी मान हलवत होते. दूध घ्यायला थांबले. दूध घरात होतं.

स्वयंपाकघरात मोठा दिवा लावून त्याला समोर बसवलं, थोडं दिसायला लागेपर्यंत वाट बघितली आणि सांगितलं. मग त्यानं एकच विचारलं, "हे तू दवाखान्यापासून एकटीच घेऊन आलीस?"

मी हो म्हणाले.

"जड होतं?"

तेव्हा मी रडले. त्याच्यासाठी रडले असं त्याला वाटलं असेल.

तुला सगळं माहीत आहे तरी आज लिहून काढते. काही वर्षांमागं बाबा गेले त्या डिसेंबरात दुभाषा बर्फात अडकला होता. आपल्यात ऐकू येणारा तू एकटाच, म्हणून डॉक्टरनं तुला कॉरिडॉरमध्ये नेऊन सांगितलं, की बाबांचा आजचा दिवस निघणार नाही. तू आत आलास आणि मला म्हणालास, बरे आहेत, झोपलेत, आई तू घरी जा, काहीतरी खा, कपडे बदल. मी घरी गेले. सूप गरम केलं, मांजराला घातलं, केस धुतले. परत आले तेव्हा पलंगावर चादर ओढलेली होती. मयताला लोक जमले होते, त्या सगळ्यांसमोर मी तुला म्हणाले, तू माझा निरोप चोरलास. चर्चमध्ये पाद्र्यानं तुलाच पुढे उभं केलं, सगळं प्रवचन तू हातांनी सांगितलंस, आणि दुसऱ्या दिवशी गेलास.

तो निरोप मला हवा होता. आजही हवा आहे. ते खोटं सांगणार नाही. पण राग नाही उरला. मंगळवारी दवाखान्यातून घरापर्यंत मी जे आणलं, ते मला एवढ्याशा रस्त्यात पेलवलं नाही. तू ते तुझ्या बाबांबद्दलचं घेऊन उभा होतास. आणि तू नऊ वर्षांचा असल्यापासून सगळ्यांचंच घेऊन उभा असायचास. बँकेचं, मास्तरांचं, आजी गेल्याच्या फोनचं. आमचं आम्हाला कळायच्या आधी ते तुला कळायचं.

स्टॅन्ली इथेच राहतो. गेल्या नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगपासून. हेही आता सांगून टाकते.

आई


६ एप्रिल

रसेल,

तुझं कार्ड आलं. मागे बोटीचं चित्र, पुढे चार ओळी. मी ते फ्रिजवर लावलं होतं, मग तिथून काढलं, कारण येणारा प्रत्येक जण वाचायला लागला. आता ते माझ्याकडे आहे.

माझ्या मागच्या पत्राबद्दल तू एक अक्षर लिहिलं नाहीस. नको लिहूस. तू लिहिलंस, की रात्री बोट चालवताना सुकाणूच्या खोलीत सगळं मंद काळं असतं, नाहीतर समुद्राच्या जागी काचेत आपलंच तोंड दिसतं. आणि नकाशावर एकच झाकलेला दिवा असतो, तो नकाशाच्या बाहेर जात नाही. दिव्याला नळकांडं लाव आणि हातांवर टाक, असं लिहिलंस.

मी ते वाचून स्टॅन्लीला दाखवलं. त्यानं कोटही घातला नाही, तसाच गॅरेजमध्ये गेला आणि बाबांची पेटी उघडली. हत्यारांना मी कुणाला हात लावू देत नाही, पण तेव्हा काही म्हणाले नाही. त्यानं पत्र्याची नळी कापली, आतून तोच काळा रंग दिला, छोटा दिवा आत बसवला आणि खुर्च्यांच्या वर छताला टांगला. तीन खुर्च्या, तीन नळ्या. प्रत्येकाच्या मांडीएवढ्या जागेवर उजेड.

हॅरिएटला बोलावणं सोपं नव्हतं. तिच्या दारातल्या घंटेचा दिवा मी लुकलुकवत ठेवला, ती पडद्याआडून बघत राहिली. शेवटी काचेला तुझं कार्ड लावलं. ती वाचून बाहेर आली आणि म्हणाली, पोरानं लिहिलंय म्हणून येते, तुझ्यासाठी नाही.

सिनेमा लावला. दिवे लावले. रसेल, पडद्यावर काही फरक नाही! मी उठून जवळ जाऊन बघितलं. उजेड हातांवर पडतो, हातांवरून भिंतीकडे जातो आणि भिंत तो गिळते, परत देत नाही. त्या पहिल्या चमकत्या रंगावर हेच दिवे लावले असते तर छतभर हात नाचले असते. फक्त हॅरिएटचा पांढरा स्वेटर चंद्रासारखा उजळला. तिला माझी काळी शाल दिली. तिनं ती कुरकुरत घेतली आणि आता परत करत नाही.

मुख्य गोष्ट पुढे आहे. स्टॅन्ली मधल्या खुर्चीत बसला होता. हॅरिएटनं पलीकडून हात उजेडात धरले आणि काहीतरी म्हणाली, नायकाच्या मिशीबद्दल होतं. आणि स्टॅन्ली हसला. त्याला ते दिसलं! गेल्या उन्हाळ्यापासून त्याला हॅरिएटचं बोलणं नीट दिसत नाही. तिच्या मागे खिडकी असते, फुलाफुलांचा पडदा असतो, ब्लाऊजवर पक्षी असतात, आणि त्या गर्दीत हात हरवतात. इथं मागे काहीच नव्हतं. काळ्यावर दोन हात, बस. तो म्हणाला, हॅरिएट, तू इतकी चावट आहेस हे मी विसरलोच होतो.

त्या दोघांनी शेवटपर्यंत सिनेमा बघितला नाही. नुसते बोलत होते. मी बघितला, पण मला गोष्ट विचारू नकोस.

एक-दोन वर्षांनी त्याला तळहातावरच बोलावं लागेल. आम्ही दोघंही शिकतोय, हॅरिएटही शिकतेय, तिच्या अंगठ्या टोचतात. पण तोवर दर शनिवारी दुपारी त्याला हवं तेवढं बघायला मिळेल.

मेमध्ये लायलॅक फुलतात. तुला माहीत आहे. मी फक्त फुलांबद्दल लिहितेय.

आई


१ जून

रसेल,

तू परत केचिकानला पोचल्याचं कळलं. बॅगेत तुझ्या नकळत लेमन पाय ठेवला होता, तो चेपला असेल तर चमच्यानं खा.

तू होतास तेव्हाचं तुला काय सांगायचं, पण एक भाग तुला माहीत नाही, म्हणून लिहितेय.

शनिवारी तू खाली आलास, भिंतीला बोट लावायला गेलास आणि मी तुझ्या हातावर चापट मारली, तिथपर्यंत तुला आठवत असेल. तू मध्ये टाकलेल्या चौथ्या खुर्चीत बसलास, तिच्यावर नळी नव्हती, तर स्टॅन्लीनं आपली नळी वाकवून तुझ्याकडे केली. सिनेमा सुरू झाला. थोड्या वेळानं तू इकडेतिकडे बघायला लागलास, मग उजेडात हात धरून विचारलंस, आवाज कुठे आहे?

आवाज! जानेवारीपासून आम्ही छत घासतोय, फळ्या रंगवतोय, दिवे टांगतोय, आणि स्पीकर म्हणून काही असतं हे तिघांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. तू पोट धरून हसलास. मग विचारलंस, तो माणूस काय म्हणतोय ते मला कसं कळणार? आणि हॅरिएटनं पडद्याखालच्या ओळीकडे बोट दाखवून म्हटलं, "वाच."

मला आठवलं, सबटायटल नव्हते तेव्हा तू टीव्हीच्या बाजूला स्टूल घेऊन बसायचास आणि बातम्यांपासून जाहिरातींपर्यंत सगळं आम्हाला हातांनी सांगायचास. कार्टून सुरू व्हायच्या आत तुझे हात दुखायला लागायचे.

तर तू वाचत बसलास. पाय लांब केलेस. आणि थोड्या वेळानं झोपलास. मान एका बाजूला, तोंड थोडं उघडं. हे तुला माहीत नाही.

सिनेमा संपला. नावं वर गेली, पडदा काळा झाला, खोलीत फक्त नळ्यांचा उजेड उरला. हॅरिएट तुला उठवायला जमिनीवर पाय आपटणार होती, मी तिच्या पावलावर माझं पाऊल ठेवलं. कुणी उठलं नाही. मग आम्ही बोलत बसलो. तू मध्ये होतास म्हणून हात जरा उंच धरावे लागत होते. हॅरिएटनं तिच्या सुनेचं सगळं काढलं. स्टॅन्लीनं बाबांबरोबर बर्फात मासे पकडायला गेल्याची गोष्ट सांगितली, ज्यात बाबा पाण्यात पडतात, ती मलाही नवीन होती. हॅरिएट म्हणाली, पोराचं नाक बापाचं आहे. स्टॅन्ली म्हणाला, झोपायची पद्धतही. मग त्यानं मला विचारलं, याला माझं इथं राहणं चालतंय ना? मी सांगितलं, सकाळी न्हाणीघरातून बाहेर येऊन हा म्हणाला की स्टॅन्लीकाकांच्या दाढीच्या साबणाचा वास चांगला आहे. स्टॅन्लीनं ते दोनदा सांगायला लावलं.

डॉक्टरचंही निघालं. हॅरिएटच्या गुडघ्याचं, स्टॅन्लीच्या डोळ्यांचं, माझ्या रक्तदाबाचं. सगळं एकमेकांना सांगून झालं. दुपार कलेपर्यंत तुझ्या डोक्यावरून इतकं बोलणं गेलं, आणि त्यातला एक शब्दही तुला कुणाला सांगावा लागला नाही. तू झोपला होतास. मी तुझ्या अंगावर हॅरिएटची शाल टाकली, म्हणजे माझीच.

ऑक्टोबरात बोटी कमी असतात म्हणालास. ये. काही काम नाही इथं. झोपायला ये.

आई